मासे कोण विकतं?

"तुमच्याकडे मासे कोण विकतं?" हा प्रश्न आला तेव्हा माझ्या ताटातल्या माशाची वरची बाजू संपली होती आणि मधला काटा उचलायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "बायका. कोळणी विकतात." समोरच्या बाईंनी सुरी ताटाच्या कडेला टेकवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "अजून?" बस, एवढंच. मग त्यांनी उकडलेला बटाटा मोडला, पार्सलीच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवला आणि माझ्या बहिणीशी तिच्या नोकरीबद्दल बोलायला लागल्या. जेवण त्यानंतरही बराच वेळ चाललं. कॉफी झाली, बिलावरून दोघींची प्रेमळ ओढाताण झाली, आम्ही उठून बाहेर कालव्याच्या काठावर आलो. माझ्या मनातून मात्र ते "अजून?" जाईना. त्यात कौतुक होतं की हेवा? की 'बिचाऱ्या, अजून हे करावं लागतं त्यांना' अशी कणव होती? बाईंचा चेहरा शांत होता, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. आज इतक्या महिन्यांनी, अलिबागला घरी बसून लिहिताना, मला वाटतं की त्यात हे तिन्ही असावं. निदान माझ्या मनात तरी ते तिन्ही आहे.

या बाई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची कोपनहेगनमधली पहिली घरमालकीण. बहीण तिथे नवी होती, थंडीत हिटरचं बटण कुठलं तेही ठाऊक नव्हतं, तेव्हापासूनचा हा जिव्हाळा. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे, पण पाठ ताठ आणि बोलणं स्वच्छ. बहीण त्यांना नावानं हाक मारते, तिथे तशीच रीत आहे. मला ते जमलं नाही, मी शेवटपर्यंत नाव टाळूनच बोलत राहिले. मी येणार म्हटल्यावर त्यांनीच ठरवलं की ताईला गामेल स्ट्रँडला जेवायला न्यायचं. हा कोपनहेगनचा जुना समुद्रकाठ. आता समोर समुद्र नाही, भराव घालत घालत तो दूर गेला; उरला आहे एक अरुंद कालवा, पलीकडे राजवाड्याचं बेट आणि थोरवाल्डसेन या शिल्पकाराचं पिवळ्या भिंतींचं संग्रहालय. काठावर रंगीत घरांची ओळ. १७९५च्या आगीत या भागातली पुष्कळशी वस्ती जळाली, आणि नंतर बांधताना नियम झाला की रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घराचा कोन तिरपा कापायचा, म्हणजे आगीच्या लांब शिड्या वळवता येतील. बहिणीनं ते कापलेले कोपरे दाखवल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागले. आम्ही जेवलो ते घरही त्याच काळातलं. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, आतल्या लाकडी जमिनीला खिडकीकडे हलकासा उतार, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून बसेल. पांढरे टेबलक्लॉथ, जड काटे-चमचे, आणि आत शिरताच नाकाला येणारा लोणी तापल्याचा वास. मासळीच्या हॉटेलात मासळीचा वास नाही, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं आणि मग थोडंसं चुकल्यासारखंही वाटलं.

तिथे जेवणाला क्रम असतो, आणि तो क्रम बाईंनी मोडू दिला नाही. आधी हेरिंग. तिखटमिठाची सवय असलेल्या जिभेला व्हिनेगर-साखरेत मुरलेला कच्चा मासा म्हणजे पहिल्या घासाला धक्काच असतो: आंबट, गोड, आणि मागून येणारी खोल खारट चव. खाली राय नावाच्या धान्याच्या पिठाचा काळपट, दाट, किंचित आंबूस पाव, त्यावर लोण्याचा जाड थर, वर हेरिंगचे तुकडे, कच्च्या कांद्याच्या चकत्या. दुसऱ्या घासाला तो पाव आणि तो मासा एकमेकांसाठीच आहेत हे पटलं. मग आली करीमधली हेरिंग. पिवळी! थंड मलईदार सॉस, त्यात सफरचंदाचे बारीक तुकडे, बाजूला उकडलेलं अंडं. हळदीचा तो रंग इतक्या दूर, अशा थंड रूपात समोर आला आणि माझे डोळे उगाचच भरून आले. डॅनिश माणसाला यात परकं काही वाटत नाही; ईस्टर असो, नाताळ असो, ही हेरिंग टेबलावर हवीच. बहीण म्हणाली, "ताई, यांचं आपल्याशी नातं जुनं आहे." ते खरंच आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला १६२० ते १८४५ डेन्मार्कची वसाहत होती, आणि त्या जागेचा वार्षिक नजराणा डॅनिश लोक तंजावरच्या दरबारात भरत. आधी नायकांना, मग आपल्या मराठे राजांना. शाळेत तंजावर शिकताना हे कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्नाप्स या कडक दारूचा छोटा ग्लास उचलला, माझ्या डोळ्यांत पाहिलं, घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवण्याआधी पुन्हा डोळ्यांत पाहिलं. तिथे ही नजर चुकवायची नसते.

हेरिंग संपली की ताटं बदलतात. त्या चवीवर दुसरा मासा वाढायचा नाही.

आणि मग रोद्स्पेटे आला. आपल्या लेपाच्या कुळातला चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, पाठीवर नारिंगी-तांबडे ठिपके. ताटाच्या दोन्ही कडांबाहेर शेपूट आणि डोकं आलेलं. पिठात घोळवून भरपूर लोण्यात परतलेला, कडेचे पर कुरकुरीत, सोबत उकडलेले छोटे बटाटे, पार्सलीचा सॉस आणि लिंबाची फोड. मसाला म्हणाल तर मीठ. मला आधी वाटलं होतं की मला तिखट आठवेल, आलं-लसूण आठवेल. तसं झालं नाही. मासा इतका ताजा होता की त्यावर काही घालावंसं वाटलं नाही. मांस पांढरंशुभ्र, पाकळ्यापाकळ्यांनी सुटणारं, आणि त्याला स्वतःचीच एक गोडी. आमच्याकडे दर्यावरून नुकत्या आलेल्या बोंबलाला ती असते, म्हणून आजी ताज्या बोंबलाला फक्त मीठ-हळद लावायची. बाईंनी मला तो कसा खायचा ते शिकवलं: पाठीच्या मधल्या रेषेवर सुरी फिरवायची, मांस दोन्ही बाजूंना सरकवायचं, मग सगळा काटा शेपटीपासून धरून अखंड उचलायचा. आणि कडेचे पर? "ते हातानं," त्या म्हणाल्या, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर, जड चांदीचे काटे बाजूला ठेवून, त्यांनी ते बोटांनी उचलून कुडुमकुडुम खाल्ले. त्या क्षणी मला ही बाई फार आवडली.

बाईंचं लहानपण याच शहरातलं. आई त्यांना बोटाला धरून या काठावर मासे आणायला यायची. तेव्हा इथे काठाला होड्या लागायच्या, आणि त्यातल्या काहींच्या पोटात भोकं पाडलेला एक कप्पा असे. त्यातून समुद्राचं पाणी खेळत राही आणि मासे जिवंत राहत. रोद्स्पेटे पाण्यातून काढून गिऱ्हाइकासमोर मारायचा, साफ करायचा आणि कागदात गुंडाळून द्यायचा. विकायला बसलेल्या बायका स्कोव्हशोवेडच्या. हे शहराच्या उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवरचं कोळ्यांचं गाव. नवरे समुद्रावर, आणि बायका मासळी घेऊन शहरात. वाहनं नव्हती त्या काळात तेवढी वाट त्या पाठीवर टोपली बांधून चालत येत. "त्यांचं तोंड फार फटकळ," बाई म्हणाल्या, "माझी आई घासाघीस करायची आणि मला त्या बायकांची भीती वाटायची. पण त्यातली एक दर वेळी मला विचारायची, शाळेत आज काय शिकवलं?" जेवण झाल्यावर आम्ही त्या बाईला पाहायला गेलो. म्हणजे दगडातल्या. होयब्रो पुलाजवळ, काठावर, ग्रॅनाइटमध्ये घडवलेली कोळीण उभी आहे, डोक्याला रुमाल, भरीव अंग, पाय जमिनीत रुतल्यासारखे. १९४० साली ती बसवली. तेव्हा खऱ्या कोळणी तिच्या शेजारी बसून मासे विकत होत्या, हे मला फार विलक्षण वाटलं. १९५८मध्ये मासळीबाजार इथून हलवून गॅसवर्क्सच्या बंदराकडे नेला. तिथे आता एक मॉल आहे, २००० साली उघडलेला. नाव त्याचं अजून मासळीबाजारच. आणि जुन्या काठाखाली २०१९मध्ये मेट्रोचं स्टेशन झालं. सरकत्या जिन्यानं वर आलं की समोर ही दगडी बाई. पर्यटक तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एका मुलानं आपली आइसक्रीमची रिकामी वाटी तिच्या पायाशी ठेवली. बाईंनी वाकून ती उचलली, काही न बोलता, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

जेवताना मी वेटरला विचारलं होतं, हा मासा कुठून येतो? तरुण मुलगा, उत्साहानं सांगायला लागला. थेट पश्चिमेच्या, उत्तर समुद्रावरच्या बंदरातून, लिलावात घेतलेला, कालच पकडलेला. त्याला जाळ्याचा प्रकार माहीत होता, लोणी कुठल्या डेअरीचं तेही माहीत होतं. मी विचारलं, आणून कोण देतं? तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "व्हॅन येते. पहाटे." अगदी खरं उत्तर. या शहराचं पोट एके काळी दारातल्या पाण्यावर भरायचं. इसवी सन १२००च्या सुमारास सॅक्सो नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की या सामुद्रधुनीत हेरिंग इतकी दाटते की नावा अडकतात आणि मासे जाळ्याविना, नुसत्या हातानं धरता येतात. त्या हेरिंगवर हे शहर मोठं झालं. आज पूर्व बाल्टिकमधला कॉड इतका घटला आहे की २०१९पासून तिथे मुद्दाम त्याच्यासाठी मासेमारी करणंच बंद आहे. डॅनिश घरांतून ३१ डिसेंबरच्या रात्री उकडलेला कॉड आणि मोहरीचा सॉस करायची जुनी पद्धत आहे; बाई म्हणाल्या, "आता तो कॉड नॉर्वेचा." हे सांगताना मात्र त्यांचा आवाज थोडा खाली गेला. मासा दूर गेला, त्यामागून होड्या गेल्या, आणि होड्यांमागून बायका. घर राहिलं, टेबलं राहिली, हेरिंगनंतर ताट बदलायची रीत राहिली. हॉटेलनं आपल्या हातात होतं ते सगळं निगुतीनं जपलं आहे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण समुद्र आणि ताट यांच्यामध्ये जो एक माणसाचा हात होता, तो जपणं कुठल्याच हॉटेलच्या हातात नव्हतं.

तो हात मला ठाऊक आहे. मी त्या हाताचं खाऊन मोठी झाले.

आमच्याकडे आक्षीहून मावशी यायची. मागच्या दारी आली की हाक मारायची, "बाय, पाटी उतरवाया हात लाव गो." ती पाटी एकटीला उतरवता यायची नाही, इतकी जड. आजी एका बाजूनं धरायची, मी मधे लुडबुडायचे. पाटी खाली आली की मावशी डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवायची, पदरानं मान पुसायची, आणि मग पाटीवरचं ओलं फडकं उचलायची. आत केळीच्या पानावर चंदेरी मांदेली, तांबूस करंदी, एका कोपऱ्यात दोनचार पापलेटं खास आजीसाठी लपवलेली. आजी कल्ला उघडून बघायची. लाल दिसला तरी म्हणायची, "कालचा दिसतोय." मावशी म्हणायची, "तुज्या डोल्यांना काय जालाय? आजचाच हाय." रोजचं नाटक. दोघींना त्यात किती गोडी वाटायची ते मला फार उशिरा कळलं. भाव ठरला की मावशी वाट्यावर मूठभर जास्त टाकायची, ती मूठ भावात कधीच धरायची नाही. घरात कोण आजारी आहे हे तिला न सांगता कळायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी पाटीत मुडदुशी असायची, तापातून उठलेल्याला पचायला हलकी म्हणून. तिचे पैसे घ्यायची नाही. आजी मग कोकमं बांधून द्यायची, लोणचं द्यायची, तिच्या लेकीच्या लग्नात आमच्याकडून साडी गेली होती. जून-जुलैत बंदी लागली, होड्या वर ओढल्या, की मावशी सुकट-बोंबील घेऊन यायची, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या होडीचा मासा आमच्या दारात यायचाच. मी परगावी शिकायला गेले तेव्हा ती आजीला विचारायची, पोरीला तिथं म्हावरं कोन देतो? त्या डॅनिश बाईंच्या लहानपणी शाळेत काय शिकवलं ते विचारणारी ती स्कोव्हशोवेडची कोळीण मला त्यामुळे अगदी जवळची वाटली.

इतकं लिहून मी थांबले असते तर हे लिखाण खोटं झालं असतं. मावशीच्या मानेला मागच्या बाजूला एक गाठ आली होती, पाटीच्या वजनानं. उतारवयात तिला मान वळवता यायची नाही, हाक मारली की अख्खं अंग वळवायची. तिच्या पायांची बोटं पाण्यानं कुजायची, हातांवर काट्यांचे व्रण. पहाटे होड्या लागायच्या वेळी किनाऱ्यावर, तिथून लिलाव, तिथून चालत गावोगाव, आणि दुपारी उन्हाची घरी परत जाऊन सगळ्या घराचा स्वयंपाक. आजीच्या त्या लुटुपुटुच्या भांडणात कधी कधी खरंच चार रुपये कमी व्हायचे आणि ते मावशीच्या घरातून जायचे. हे मला लहानपणी दिसत नव्हतं. डॅनिश बाईंनीही तसंच काही सांगितलं होतं, जाता जाता: हिवाळ्यात त्या बायकांचे हात लाल झालेले असायचे, बर्फाच्या पाण्यात बुडवून बुडवून, आणि आई तरीही घासाघीस करायची. "आता आठवलं की मला आईचा राग येतो," त्या म्हणाल्या. म्हणून तर ते "अजून?" मला सहज सोडता येत नाही. मला माझ्या माशामागे ओळखीचा चेहरा हवा आहे, आणि त्या चेहऱ्याखालची मान कोणीतरी मोडून घेतली तेव्हाच तो माझ्या दारात आला होता. मावशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या मानेवरची ती गाठ आठवली की दगडी बाईच्या रुंद, सरळ मानेकडे पाहताना मला अस्वस्थ वाटलं. शिल्पात त्या वजनाचा काही मागमूस नव्हता.

पण आपल्याकडे पाटी डोक्यावरून उतरली ती बायका बाजारात बसायला लागल्या म्हणून, त्या घरी बसल्या म्हणून नव्हे. आणि हा फरक मला फार मोठा वाटतो. कोळणीनं ओटा मिळवला, बर्फ आला, टेम्पो आला, वजनकाटा आला, पण गल्ला तिच्याच हातात राहिला. ससून डॉकला पहाटे गेलात तर दिसेल, १८७५पासूनच्या त्या धक्क्यावर अजून बायका लिलावात बोली लावतात आणि पुरुष टोपल्या उचलतात. ही सत्ता कोणी दिलेली नाही, त्यांनी पिढ्यान् पिढ्या कमावलेली आहे. म्हणूनच २०२१मध्ये मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची मंडई पाडायला घेतली आणि मासळीचा धंदा ऐरोलीला नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा कोळणी चवताळून उठल्या. बाजार म्हणजे त्यांच्या लेखी नुसती इमारत नव्हे, ठरलेलं गिऱ्हाईक, गाडीची वेळ, उधारीची वही, शेजारणीच्या भरवशावर टाकलेलं पोर, असं सगळं असतं. ते उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. कोपनहेगनमध्ये १९५८ला जे हललं त्याचाही हिशेब कोणीतरी असाच मांडायला हवा होता, असं मला त्या मॉलकडे बघताना वाटत राहिलं. पुतळा बसवायला एक शिल्पकार आणि थोडी जागा पुरते. जिवंत बाईला रोज बसायला जागा द्यायची म्हणजे शहरानं तिच्या वासाला, ओल्या जमिनीला, मोठ्या आवाजाला आपलं म्हणावं लागतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाजारात गेले. मावशीची सून आता ओट्यावर बसते. चाळिशी उलटलेली, कानात कुड्या, नाकात मोरणी, समोर दोन मोबाइल. सकाळी काय काय आलंय त्याचे फोटो ती गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकते आणि अर्धा माल येण्याआधीच विकलेला असतो. मी तिला फोनवर दगडी कोळणीचा फोटो दाखवला. तिनं ओले हात पदराला पुसले, फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. आधी कापड बघितलं, मग पाय. "अनवानी नाय," म्हणाली. मी सांगितलं, थंड देश आहे. त्या बायका मैलोगणती चालत येत, पाठीवर टोपली बांधून, हे ऐकल्यावर तिनं आपोआप मानेमागे हात नेला; सासूची गाठ तिनंही बघितलेली. मग विचारलं, "आता तितं बसत नाय कोनी?" मी म्हटलं, नाही, बाजार उठला. "मंग त्या गेल्या कुटं?" याचं उत्तर माझ्याकडे होतं त्यापेक्षा लांबलचक मागितलं होतं तिनं. मी बाजार कुठे हलवला ते सांगितलं, मॉलचं सांगितलं. बायकांचं काय झालं ते कोणत्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

बोंबील साफ करता करता ती तिच्या लेकीचं सांगत होती. मुलगी नर्सिंगला आहे, शेवटचं वर्ष. मी भीतभीत विचारलं, ती कधी बसेल का इथे? सुरी थांबली नाही. "ती कशाला बसंल? मी बसते ती तिनं बसू नये म्हनून." आवाजात अभिमान होता, आणि मला त्या अभिमानाचा आनंदच झाला, माझ्या पोटात जे हललं ते मी तिला दाखवलं नाही. "मंग तुज्यामागून आमाला म्हावरं कोन देईल?" तिच्याच बोलीत मी विचारलं. यावर ती खळखळून हसली, बोंबील पिशवीत भरले, वर मूठभर जवळा टाकला, आणि म्हणाली, "मी अजून पंधरा वर्सं हलत नाय हितनं. शुक्रवारी ये, होड्या लांब गेल्यात, रावस गावला तर तुजा राखून ठेवते. पन सकाली नवाच्या आत ये, नायतर देऊन टाकीन."